आम्ही कबुतरं पाळत नाही

१० मे, अक्षय्य तृतीया

बियाणे कंपनीवाले दर वर्षी मला डायरी देतात. पानोपानी कपाशीची बोंडं, मक्याची कणसं आणि उगाच हसणारा एक शेतकरी. आजवरच्या सगळ्या डायऱ्या सुगनने गरम पातेल्यांखाली वापरल्या. या वर्षीची मी तिच्या हातून सोडवून घेतली, कारण आज लिहिण्यासारखं आहे. घरात आम्ही मारवाडी बोलतो, पण माझी शाळा जालन्याची आणि मराठी, त्यामुळे लिहायला बसलं की हात मराठीतच चालतो. घरातलं बोलणंही इथे मराठीतच उतरेल.

आमच्या मुलाची, अंकितची, नवी किडनी बिलकुल ठीक चाललीय, असं काल डॉक्टर म्हणाले. किडनी त्याच्या आईची, म्हणजे सुगनची. जानेवारीत संभाजीनगरला दोघांचं ऑपरेशन झालं. सुगन त्या किडनीची विचारपूस सासरी गेलेल्या पोरीसारखी करते. "नीट राहते ना रे तिथं? कुरकुर करत नाही ना?" अंकित म्हणतो, "आई, तुझीच आहे, कुरकुर केल्याशिवाय राहील का?"

ऑपरेशनच्या दिवशी बाहेर बाकड्यावर बसून मी नवस बोललो होतो, की दोघं सुखरूप बाहेर आले तर गच्चीवर कबुतरांसाठी चबुतरा बांधीन. आज तो पुरा झाला. चार खांब, वर पत्रा, मधे दाण्यासाठी सिमेंटचा ओटा, शेजारी पाण्याचं कुंड. ज्वारी काकासाहेबांनी घनसावंगीहून पाठवली. काकासाहेब माझे शाळेपासूनचे दोस्त, मोठे बागाईतदार, आणि बोलायला लागले की पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं. फोनवर म्हणाले, "मिश्रीशेठ, लेकराच्या नावानं दाणे टाकून राह्यले न तुम्ही? मंग ज्वारी माझ्याच शेतातली पाह्यजे. दुसऱ्याची घेतली तं बोलायचं न्हाई माझ्यासंग."

पहिली मूठ अंकितने टाकली. दहा मिनिटांत गच्ची कबुतरांनी भरून गेली. यांना बातमी कोण देतं, कोण जाणे. मला फार बरं वाटलं.

१९ मे

सून नेहल मला जेलर म्हणते. समोर नाही, पण भिंतींना कान असतात आणि मला तर आहेतच. म्हणू दे. किडनी अंगाने परत फेकू नये म्हणून अंकितला ज्या गोळ्या देतात, त्या त्याची रोगाशी लढायची ताकदच दाबून ठेवतात. डॉक्टरांनी साफ सांगितलंय, साधा सर्दी-खोकलाही याला महाग पडेल. म्हणून चपला जिन्याखाली, पाणी उकळून, बाहेरचं खाणं बंद, लोणचं बंद. शेजारचे भेटायला आले, त्यांना मी दारातूनच नमस्कार केला. लोक नाराज झाले तर झाले.

नेहल गुणाची पोर आहे. गोळ्यांच्या वेळा तिच्या पाठ. पण तिला वाटतं मी अति करतो.

खरी अडचण अंकितची. एकतीस वर्षांचा तरणाताठा मुलगा, दुकानात दिवसभर बडबड करणारा. दुकान आमचं सरकी पेंडीचं, धूळच धूळ, तिथे त्याला मनाई. घरात बसून बसून तो भिंतीशी बोलायला लागला. मग मीच डोकं चालवलं. म्हटलं, आजपासून चबुतऱ्याचा कारभार तुझा. सकाळी दाणे टाकायचे, कुंड भरायचं, ओटा झाडायचा. मोकळी हवा मिळेल आणि पुण्यही. डॉक्टरांनी माणसांची गर्दी नको म्हटलंय, कबुतरांना कुठे खोकला असतो?

लगेच कामाला लागला. तोंडावर मास्क लावून झाडत होता, घामाने निथळत. मी म्हटलं, "अरे काढ तो, इथं वर कोण आहे?"

४ जून

एक लंगडं कबूतर येतं. इतरांच्या मधे घुसून, मान वर-खाली करत, पहिला दाणा तेच उचलतं. अंकितने त्याचं नाव वकील ठेवलंय. एक जाडजूड आहे ते मिश्रीशेठ. बापाची थट्टा करतो, म्हणजे तब्येत सुधारली.

सुगन आज जिन्यात उभं राहून दोघांचं, म्हणजे अंकितचं आणि वकिलाचं, बोलणं ऐकत होती. खाली येऊन डोळे पुसले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही, हसला तो."

२० जून

अंकितचं डोकं आठ-दहा दिवसांपासून दुखतंय. दुखतं म्हणजे फार नाही, पण थांबत नाही. सुगनने सुंठ उगाळून लावली. मी म्हटलं पित्त आहे, उन्हाळाच तसा गेलाय. इथल्या डॉक्टरांनी अर्धशिशीच्या गोळ्या दिल्या. चष्म्याचा नंबरही तपासला, तो बदललेला निघाला, त्यामुळे मला वाटलं मूळ सापडलं.

नेहलचं म्हणणं संभाजीनगरला फोन करावा. अंगही थोडं कोमट लागतं म्हणते. मी म्हटलं पुढच्या तपासणीला जायचंच आहे, तेव्हा विचारू. ऊठसूट मोठ्या डॉक्टरांना फोन केला की तेही मनावर घेत नाहीत.

२ जुलै

सकाळी उलटी. दुपारी उलटी. उजेड सहन होत नाही, पडदे लावून पडलाय. जेवताना पाण्याच्या पेल्यासाठी हात केला तो पेल्याच्या शेजारी, जिथे काहीच नव्हतं. म्हणाला, "दोन दिसतात, पापा. चुकीचा पकडला." आणि हसला. मला हसता आलं नाही.

संध्याकाळी आईवर खेकसला. तिने फक्त उशी सरकवली होती. हा पोरगा आयुष्यात आईवर आवाज चढवून बोललेला नाही.

दाणे आज मी टाकले. वकील आला, इकडेतिकडे बघून निघून गेला. उद्या सकाळीच संभाजीनगरला निघायचं.

३ जुलै

बदनापूरच्या पुढे गाडीत त्याला फीट आली. गाडी आमच्या दुकानातला भुजंग चालवत होता. नेहल मागे अंकितचं डोकं मांडीवर घेऊन होती, सुगन नवकार मंत्र म्हणत होती आणि मी, मी काहीच करत नव्हतो. भुजंग एकसारखा म्हणत होता, "आलं शेठ, आलं बघा, इथून जवळच हाये." जवळ नव्हतं.

५ जुलै

पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं. मेंदूच्या आवरणाला बुरशी लागली आहे.

बुरशी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे लोणच्याची बरणी आली. मी मोठ्या डॉक्टरांना सांगायला लागलो, की लोणचं आम्ही बंद केलंय, भाकरी ताजी, पाणी उकळलेलं. ते शांतपणे म्हणाले, "ही ती बुरशी नाही. ही श्वासातून जाते. तुमच्या-माझ्या शरीराला कळतही नाही, जिथल्या तिथे मरते. याच्याकडे तिला अडवणारं कोणी नव्हतं. छातीतून रक्तात, रक्तातून डोक्यात." डोक्यातल्या पाण्याचा दाब फार वाढलाय, म्हणून उलट्या आणि म्हणून दोन दोन दिसणं.

नंतर साधना मॅडम आल्या, तिथल्या तरुण डॉक्टर. उभ्या उभ्या प्रश्न विचारून भराभर लिहीत होत्या. नेहल औषधं आणायला खाली गेली होती, सुगन अंकितजवळ, म्हणून उत्तरं मी दिली. बाहेरगावी गेला होता का? नाही. शेतात, मातीत काम? नाही. घरी कुत्रा, मांजर, पोपट, कबुतरं वगैरे पाळता का?

मी म्हटलं, "मॅडम, आम्ही जैन. पक्षी पिंजऱ्यात कोंडणं आमच्यात बसत नाही. आम्ही काही पाळत नाही."

"नाही," असं लिहून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या. बाकी प्रश्नांची उत्तरं देताना मी घाबरलो होतो, हे मात्र छाती काढून दिलं.

६ जुलै

भुजंगला फोन करून सांगितलं, रोज सकाळी गच्चीवर दाणे पडलेच पाहिजेत आणि आता दुप्पट टाक. त्यांच्या पोटात गेलेला एकेक दाणा अंकितच्या कामी येईल. भुजंग म्हणाला, "टाकतो शेठ. पन अंकितभाऊ दिसंना म्हनून ते लंगडं लई फिरून राह्यलं."

ताप आज थोडा उतरला. मी सुगनला म्हटलं, बघ.

११ जुलै

औषधाची बाटली काळ्या पिशवीत झाकून लावतात. थेंब सुरू झाला की अर्ध्या तासात अंकित थडथड उडायला लागतो, लोखंडी खाट वाजते. तीन ब्लँकेटं घालून मी आणि नेहल दोन बाजूंनी धरून बसतो. दोन दिवसांआड पाठीत सुई घालून दाब कमी करतात. सुई निघाली की तासभर अंकित अंकितसारखा बोलतो. मग पुन्हा डोकं.

आज कळलं की हे औषध बुरशीला मारतं आणि किडनीलाही सोडत नाही. आणि ताकद दाबणाऱ्या गोळ्या कमी केल्याशिवाय बुरशी हटत नाही, कमी केल्या तर किडनी टिकत नाही. इकडे आड, तिकडे विहीर. डॉक्टरांनी सुगनलाही समोर बसवून सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं, पदर नीट केला आणि म्हणाली, "किडनीचं मनावर घेऊ नका साहेब. दिलेली वस्तू आहे. माझा पोरगा तेवढा ठेवा."

बाहेर आल्यावर मात्र भिंतीला टेकून उभी राहिली. ऑपरेशनची जागा हाताने दाबून. दुखतं का विचारलं तर मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

२२ जुलै

अंकितने दुपारी विचारलं, "पापा, लाइट गेली का?"

खोलीत ट्यूब चालू होती. खिडकीतून ऊन येत होतं. मी म्हटलं, "हो, गेलीय. येईल."

खोटं बोलल्याचं पाप मला लागू दे.

२९ जुलै

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दाबाने डोळ्यांच्या नसा चिरडल्या गेल्या. डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी टाकली आहे, आता दाब वाढणार नाही, डोकंही दुखणार नाही. पण गेलेलं परत येणं कठीण. एका कानानेही कमी ऐकतो.

कठीण म्हणजे काय? कठीण म्हणजे होऊ शकतं. मी व्यापारी माणूस आहे, "कठीण" आणि "नाही" यातला फरक मला कळतो.

९ ऑगस्ट

पुढच्या आठवड्यात घरी सोडतील. मणक्यातून काढलेल्या पाण्यात बुरशी वाढायची थांबली आहे. किडनी निम्मी चालतेय, पण चालतेय. मोठे डॉक्टर नेहलला खोलीत बोलावून बराच वेळ समजावत होते, घरी काय पाळायचं, काय टाळायचं. मी साडेतीनची औषधं आणायला गेलो होतो. परत आलो तर नेहल जिन्याच्या पायरीवर बसलेली. मला बघून एकदम उभी राहिली. म्हणाली, "पापा, पहिल्या दिवशी मॅडमनी तुम्हाला काय विचारलं होतं? घरच्याबद्दल?"

मी सगळं सांगितलं, पिंजऱ्याचं उत्तरही.  मग म्हणाली, "बराबर. पाळत नाहीच आपण." आणि आत गेली.

रात्री मी बाहेर आडवा झालो होतो. आत दोघं हळू बोलत होती. नेहल रडत होती. अंकितला आता कमी ऐकू येतं, त्यामुळे त्याचाच आवाज मोठा होतो, त्याला ते कळत नाही. म्हणाला, "पापांना सांगू नको. माझी शपथ आहे तुला."

म्हणजे डोळे परत येणार नाहीत. दोघांना सांगितलंय आणि मला वाचवतायत. वाचवू दे. मला माहीत नाही असंच मी दाखवीन.

१७ ऑगस्ट

घरी आलो. जिन्याच्या एकेका पायरीवर अंकितचा पाय मी हाताने ठेवत होतो. लहानपणी असाच चढवायचो, तेव्हा तो घाई करायचा.

दुपारी गच्चीवर गेलो आणि डोकंच फिरलं. चबुतरा नाही. खांब नाहीत, पत्रा नाही, ओटा फोडून टाकलेला. फरशीला औषधाचा वास. चारी बाजूंनी हिरवी जाळी. ज्वारीचं पिंपही गायब. भुजंग तीन दिवस आधी येऊन सारं करून गेला, नेहलच्या सांगण्यावरून. माझ्या नवसाचं बांधकाम, आणि मला विचारलं नाही.

मी खाली येऊन आवाज चढवला. नेहल म्हणाली, "शेजारच्यांनी तक्रार केली, पापा. घाण होते म्हणतात." कोणत्या शेजाऱ्यांनी? तर नाव सांगेना. सुगनला विचारलं, "तुला माहीत होतं?" ती पोळ्या लाटत राहिली. काम झालं की देवाला विसरायचं, ही कुठली रीत? गरज सरो, वैद्य मरो.

पत्र्याखाली एक घरटं होतं. त्याचं काय झालं विचारलं, तर भुजंग म्हणाला, "पिल्लं उडेस्तोवर थांबलो शेठ. वहिनीनंच सांगितल्तं." तेवढं तरी केलं.

२५ ऑगस्ट

कबुतरं अजून येतात. जाळीवर बसतात, खिडकीच्या कठड्यावर बसतात. अंकित त्यांचं घुमणं चांगल्या कानाने ऐकतो. नेहल येते आणि खिडकी लावून घेते.

तीन-चार दिवसांपूर्वी मी त्याच्याजवळ बसून तिची तक्रार केली. म्हटलं, तुझ्या बायकोने मुक्या जिवांच्या तोंडचा घास काढला. त्याने खिडकीकडे कान केला. मग म्हणाला, "त्यांचा काय दोष, पापा? ती तर दाण्याला येतात."

बघा. डोळे गेले, पण पोराची दया गेली नाही. मी म्हटलं, "मग सांग ना नेहलला." तर म्हणाला, "नको. खिडकी लावलेलीच बरी."

तेव्हापासून मी घरी काही बोलत नाही. सकाळी जैन स्थानकात महाराजांच्या दर्शनाला जाताना खिशात मूठभर ज्वारी नेतो आणि स्टेशनजवळच्या चौकात टाकतो. नवस बोललो तो मी. येऊन अंकितच्या डोक्यावरून हात फिरवतो.

८ सप्टेंबर, संवत्सरी

वर्षभरात ज्याला ज्याला दुखावलं त्याची क्षमा मागायचा दिवस. सकाळपासून फोन. काकासाहेब जैन नाहीत, तरी ते दर वर्षी फोन करतात. "मिश्रीशेठ, वरीसभर लई शिव्या घातल्या तुम्हाला, माफ करा, उद्यापासून पुन्हा सुरू." एरवी मी मोठ्याने हसतो.

संध्याकाळी घरातल्यांचं खमतखामणा, म्हणजे एकमेकांची माफी मागणं. सुगनने मला हात जोडले, मी तिला. नेहलने पाया पडून मिच्छामि दुक्कडम् म्हटलं, मला वाटलं चबुतऱ्याचं म्हणतेय. मी म्हटलं, "झालं गेलं विसरलो, बेटा." तिने तोंड फिरवलं.

मग मी अंकितसमोर बसलो. हात जोडले तरी त्याला दिसणार नाहीत, म्हणून त्याचे दोन्ही हात माझ्या हातात घेतले. मी मिच्छामि दुक्कडम् म्हणायला तोंड उघडलं, त्याच्या आतच तो म्हणाला, "पापा, मी तुम्हाला माफ केलं."

हे असं कोणी म्हणत नाही. आज मागायचं असतं. आधी मागायचं, मग समोरच्याने द्यायचं. लहानपणापासून त्याला हे माहीत आहे. मी विचारलं, "कशाबद्दल रे?" तर म्हणाला, "असंच, पापा." आणि माझे हात बराच वेळ सोडले नाहीत.

नेहल उठून स्वयंपाकघरात गेली. दुखण्याने पोराचं डोकं अधूनमधून भरकटतं. डॉक्टरांनी तसं सांगितलंच होतं.

२१ सप्टेंबर

पुन्हा ताप. पुन्हा मान ताठ. पुन्हा संभाजीनगर.

डॉक्टर म्हणतात, आधी शरीर भांडत नव्हतं म्हणून बुरशी वाढली. आता गोळ्या कमी केल्यावर शरीर भांडायला उठलंय, तर ते मेलेल्या बुरशीशी भांडतंय आणि त्यात मेंदूच सुजतोय. मी म्हटलं, म्हणजे ताकद नव्हती तेव्हा ताकद नाही म्हणून, आणि आली तर आली म्हणून? ते म्हणाले, "हो, काका." त्यांनाही ते सांगताना वाईट वाटत होतं.

किडनी थांबली. सुगनला कोणी सांगितलं नाही, तिने बाटलीतली लघवी बघूनच ओळखलं. म्हणाली, "गेली बिचारी."

३ ऑक्टोबर

अंकित गेला. पहाटे.

१५ ऑक्टोबर

उठावण्याला, म्हणजे शोकसभेला, सारं नवीन जालना लोटलं होतं. कोण काय बोललं, आठवत नाही.

आज काकासाहेब आले. खांद्यावर ज्वारीचं पोतं, स्वतः जिना चढून आणलं. दारात नेहल होती. त्यांनी पोतं उतरवून डोळे पुसले. "पोरी, त्याच्या हातचे दाणे खाऊन राह्यली होती पाखरं. आता त्याच्या नावानं टाका." नेहलने पोत्याकडे पाहिलं. वाटलं, आता किंचाळेल. पण वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, ही ज्वारी गोशाळेत दिली तर चालेल?"

मी मधे पडलो. म्हटलं, मी ठरवलंय, चौकात अंकितच्या नावाने मोठा चबुतरा बांधायचा, संगमरवरी, त्याचं नाव कोरून. वकिलाला तो किती जीव लावायचा. सुगन उठून आत गेली.

शेवटी नेहल म्हणाली, "पापा, पाणपोई बांधू या. त्याला शेवटी फार तहान लागायची." मग माझ्यापुढे हात जोडून म्हणाली, "माझं एवढं ऐका."

कपाळाचं कुंकू गेलेली पोर हात जोडते, तिच्यापुढे मी काय बोलणार? पाणपोई तर पाणपोई. पण मला या घरातल्या माणसांचं कळेनासं झालंय.

२६ नोव्हेंबर

आज सुगनची तपासणी होती. किडनी दिली त्या माणसाचीही वर्षभर बघतात. मला त्या इमारतीत पाऊल टाकायचं नव्हतं, पण तिला एकटीला कसं पाठवणार?

बाहेर बाकड्यावर बसलो. शेजारी भोकरदनकडचं, धावड्याचं एक शेतकरी कुटुंब. साहेबराव नावाचा बाप, त्याच्या मुलीला पंधरवड्यापूर्वी किडनी बसवलेली, आज घरी सोडणार. साधना मॅडम त्यांना समजावायला आल्या. आमच्याकडे त्यांची पाठ होती.

सगळं तेच. मास्क, उकळलेलं पाणी, गर्दी नको. मग त्या म्हणाल्या, "आता नीट ऐका, दादा. घरी कबुतरं पाळता का, असं मी विचारत नाहीये. कबुतरं घराजवळ येतात का? गच्चीवर, पत्र्यावर बसतात का? तुम्ही किंवा शेजारी कोणी त्यांना दाणे टाकता का? त्यांची विष्ठा झाडून काढता का?"

साहेबराव म्हणाला, "मॅडम, पाळीत न्हाई, पन येतेत की. खळ्यावर लई असतेत. त्याचं काय?"

"त्यांच्या विष्ठेत एक बुरशी असते. वाळली की धुळीतून श्वासात जाते. तुम्हाला काही होणार नाही, पण हिला ती मेंदूपर्यंत जाऊ शकते. आधी आम्ही नुसतं 'पाळता का' विचारायचो. लोक 'नाही' म्हणायचे."

त्या वळल्या आणि मी दिसलो.

 सुगनने माझा हात पकडला होता, आधीच, मॅडमनी तो प्रश्न सुरू केला तेव्हापासूनच. म्हणजे तिला माहीत होतं. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्याने शपथ घातली होती हो. म्हणाला, पापांना कळलं तर ते जेवायचं सोडतील."

मॅडम माझ्याजवळ येऊन गुडघ्यांवर बसल्या. म्हणाल्या, "काका, त्यातूनच झालं असं कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. ती बुरशी मातीत असते, झाडांच्या ढोलीत असते, कुठेही असते." चांगल्या मनाची मुलगी आहे. पण प्रश्न तर तिने बदललाय.

मी म्हटलं, "मास्क मी काढायला लावला होता." तिला ते कळलं नसावं. सुगनला कळलं.

२७ नोव्हेंबर

चौकात गेलो नाही. कोटाच्या खिशात कालची ज्वारी होती, ती सुगनने काढून घेतली. 

नेहलला हाक मारली. ती आली आणि माझ्या तोंडाकडे बघूनच तिला समजलं. मी म्हटलं, "बेटा, तू एकटीने एवढं पोटात ठेवलंस. मी तुला नाही नाही ते बोललो." ती म्हणाली, "त्याने मला एकच काम सांगितलं होतं, पापा. तेही मला जमलं नाही." मग आम्ही तिघंही रडलो. जवळजवळ दोन महिने वेगवेगळ्या खोल्यांत रडत होतो, आज एका खोलीत.

वकील कठड्यावर येऊन बसला होता. मी काच लावून घेतली. त्याचा काय दोष?

ही डायरी मागे चाळली. १९ मे वाचवलं नाही. ८ सप्टेंबर वाचलं. मी लिहून ठेवलंय की पोराचं डोकं भरकटतंय. माझे हात हातात घेऊन बसला होता, डोळ्यांपुढे अंधार, आणि त्याला सगळं ठाऊक होतं. मला मागायचं आहे हेच मला माहीत नव्हतं, म्हणून त्याने आधीच देऊन टाकलं.

मी विचारलं होतं, कशाबद्दल रे. तो म्हणाला होता, असंच, पापा.